शतावरी, तपासण्या आणि रात्री दोनचं पाणी

मीनाक्षी_सातरस्ता: "बायकोला संबंधांची इच्छा होत नाही? न सांगता दुधातून शतावरी-अश्वगंधा द्या, महिन्यात फरक" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. न सांगता? माझ्या जावेला दोन वर्षं सगळे 'थंड' म्हणून टोमणे मारत होते, शेवटी निघाला थायरॉइड. आधी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, प्रोलॅक्टिन हे हार्मोन बघा. सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनीही इच्छा जाते (त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). पाळी गेल्यावर कोरडेपणाने दुखतं, त्याला इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. दुखत असेल तर इच्छा कुठून होणार?

वैद्य_नवीपेठ: पोस्ट माझी आहे. तुमच्या ॲलोपॅथीने काय दिवे लावले? २०१५ साली अमेरिकेने बायकांची इच्छा वाढवायला फ्लिबॅन्सेरिन मंजूर केली. रोज रात्री गोळी, फायदा जेमतेम, वर दारू घेतली असेल तर बीपी पडून चक्कर. त्याच वर्षी अश्वगंधेवर भारतात ५० बायकांचा अभ्यास आला, आठ आठवड्यांत सुधारणा. माझ्या पेशंटनाही गुण आलाय.

मीनाक्षी_सातरस्ता: पन्नासच! अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, क्वचित लिव्हरलाही त्रास होतो. जावेच्या गोळ्या चालू असताना कुणी गुपचूप दुधात घातली असती तर? आणि आयुर्वेदातल्या वाजीकरणाचं (कामशक्ती वाढवणाऱ्या उपायांचं) सांगू नका. चरकांनी स्त्रीलाच श्रेष्ठ वाजीकरण म्हटलंय, म्हणजे औषध तीच. तिच्या इच्छेचं काय?

वैद्य_नवीपेठ: अर्धवट वाचून चरक शिकवू नका.

चादरवाली: दोघंही गप्प बसा बरं. आमच्याकडे सोलापुरात पाणी चार दिवसांआड, तेही रात्री दोनला. पिंपं भरून पाठ मोडते, सहाला डबे. कसली शतावरी अन् कसलं क्रीम!

अशोक_चौकवाला: चार? नशीबवान आहात. आमचा आज सहावा दिवस.

चादरवाली: मोटर लावून ओढता का हो?

अशोक_चौकवाला: काय बे, सगळेच लावतात! उजनी धरण भरलं तरी हेच, तिथून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं नुसतं ऐकत आलो.

चादरवाली: म्हणूनच शेवटच्या गल्लीत थेंब येत नाही. अन् रात्री उठतं कोण तुमच्याकडे? तुम्ही का वहिनी?

अशोक_चौकवाला: मला सकाळी ड्युटी असते.

चादरवाली: वहिनींना सुट्टी असते वाटतं.

मीनाक्षी_सातरस्ता: धागा पाण्याचा नाहीये! पण झोप नसेल तर इच्छा मरते, हे खरंय. वैद्यबुवा, यावर कोणतं चूर्ण?

वैद्य_नवीपेठ: न सांगता देऊ नये, एवढं मान्य. ती ओळ काढतो. थायरॉइड असेल तर विचारून घ्या, हेही लिहितो. खूश? पण शतावरी सोडणार नाही.

चादरवाली: घ्या की तुम्हीच दुधातून. आणि रात्री दोनला उठा.