घर सोताचं, माणूस एक, अन् पगार वीस तारखेलेच सरते : आपापले अनुभव लिहा

कवेलूघर
परवा मीटरचं रीडिंग घ्यायला पोरगा आला. फोटो काढला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "मावशी, घरात किती जण राह्यता?" म्हटलं, मी एकटीच. "मंग एवढे युनिट काऊन?" आता त्याला काय सांगू, कूलर काही माणसं मोजून फिरत नाही.

तो गेला आणि मला मोठी आत्या आठवली. याच घरात ती एकटी राहायची. दिग्रसच्या अलीकडे आमचं गाव. आता घराच्या उताऱ्यावर माझं नाव आहे, भाऊ पुण्यात. मी तालुक्याला एका पतसंस्थेत कामाला, हातात साडेअकरा हजार पडतात. ज्याला त्याला वाटतं, हिला काय, भाडं नाही, लेकरं नाहीत, मजा आहे.

आत्याचा हिशेब महिन्याचा नव्हताच. कापूस विकला की आधी वर्षाची ज्वारी, तूर, मिरची, तेलाचा पिपा. मग पोळ्याचे आणि महालक्ष्म्यांचे बाजूला. त्यातून उरले तर लुगडं, नाही तर नाही. माझा पगार एक तारखेला येतो, पण घराचे खर्च काही एक तारखेचे नसतात. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे (छपराची कौलं उचलून पुन्हा नीट बसवायची), घरपट्टी-पाणीपट्टी, संडासाचा पाइप, लग्नसराईचा आहेर. हे आले की तो महिना गेलाच, आणि त्याच्या मागचा पुढचाही.

मग मी उलटं केलं. मागच्या वर्षी घराला काय काय लागलं ते सगळं आठवून लिहून काढलं, बारानं भागलं, आणि तेवढ्याची बँकेत बारा महिन्यांची आरडी लावली, बरोबर मे महिन्यात सुटेल अशी. आता कवेलूवाल्याला द्यायला उसनं मागावं लागत नाही. पण वीस तारखेनंतर हात अजूनही आखडतोच. एकट्या माणसाला खुपतं ते हेच की घरपट्टी, बिलातला स्थिर आकार, आहेर, सिलिंडर आणणाऱ्याची मजुरी, सगळं पाच माणसांच्या घराला तेवढंच मला.

सल्ले नकोत. "बाहेर जेवणं कमी करा" वाचून झालंय. आमच्या गावात बाहेर जेवायचं म्हणजे कुणाच्या तरी तेरवीला. तुमचं तुम्ही कसं भागवता ते लिहा.

पांदणवाट
कवेलू फेरनारा भेटते तुमाले? आमच्याकडे आर्वीकडं एक बुढा होता, तो गेला. पोट्टे चढत नाई. अन् वानरं! एक टोळी आली का अर्धं घर उघडं. मी शेवटी टिना टाकल्या. आता वानरं टिनावर नाचते अन् मी खाली मे महिन्यात शिजतो

कवेलूघर
@पांदणवाट भेटतो, पण तो मजुरी सांगतो तेव्हा बसून घ्यावं लागतं. वानरांचं बोलूच नका.

सांबारवडी
आहेराचं लिहिलं ते अगदी बरोबर ताई!! आमच्या अमरावतीकडं एका मे महिन्यात पत्रिकांचा ढीग होतो. जोडप्यानं पाचशे द्यायचे अन् एकटीनंही पाचशेच. वर जेवते मी एकटीच, ते दोघं अन् तीन लेकरं. मी एकदा अडीचशेचं पाकीट दिलं तर वहीत लिहिणाऱ्या काकांनी तीनदा विचारलं "अडीचशेच ना?" माईकवर सांगायचं तेवढं राहिलं होतं 😂

वायरमनचा_जावई
ड्यूटीवर आहे, घाईत लिहितो. बिलाबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे. १०१ वं युनिट झालं म्हणजे सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो असं नाही. पहिल्या शंभरला शंभरचाच दर, वरच्या युनिटांनाच १०१ ते ३०० वाला. पण तो वरचा दर जवळपास दुप्पट आहे, म्हणून चटका बसतो.

आता तुमचा कूलर. डेझर्ट कूलर साधारण २०० वॉटचा धरा. रात्री दहा तास म्हणजे दोन युनिट, महिन्याला साठ. तुमचं बाकीचं घर पन्नासात भागत असेल तर कूलरनंच तुम्हाला शंभरच्या वर नेलं. जुना पंखा ७५ वॉटचा असते, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणारा) तिशीच्या आसपास. पंखा वर्षभर फिरतो, कूलर तीन महिने. म्हणून आधी पंखा बदला असं मी सांगतो, लोक आधी बल्ब बदलतात.

अन् कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतलं तर सूट भेटते, घेऊन टाका.

कवेलूघर
@वायरमनचा_जावई हे आजवर कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं भाऊ. सोलरचं काय? सूर्यघर योजनेचं गावात सगळे बोलतात.

वायरमनचा_जावई
एक किलोवॉटला ३० हजार अनुदान, दोनला ६०, तीन अन् वरच्यांना ७८ हजार. पण आधी पूर्ण खर्च लागतो, अनुदान नंतर खात्यात. अन् तुमचं छत कवेलूचं, त्यावर पॅनल बसवायचं म्हणजे खाली लोखंडी सांगाडा उभारा, तो खर्च वेगळा. शंभराच्या आसपास युनिट असलेल्या माणसाचे पैसे वसूल व्हायला वेळ लागते. मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो.

एकटा_कास्तकार
महिन्याचं बजेट म्हंजे काय असते भाऊ? 😄
आमाले तर वर्षातून एकदाच पैसा दिसते. चाळिशी झाली, लग्न जमलं नाई (कास्तकार पाह्यजे नाई कोनाले, जावई चपराशी चालते). माय होती तोवर तिच्या हातात सगळं होतं. मागच्या साली ती गेली, तवा समजलं घर कसं चालते.

आता माह्यं असं आहे. कापूस घरी भरून ठेवतो पण दिवाळीले पैसा लागतेच, मंग खेडा खरेदीवाल्याले (गावात येऊन घेनाऱ्या व्यापाऱ्याले) थोडा द्या लागते, तो हमीभावाच्या खालीच घेते. २०२५-२६ च्या हंगामाले लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता, पण त्याच्यासाठी मोबाईलवर नोंदनी करा, तारीख भेटे तोवर वाट पाहा, गाडी करा. एकट्याच्या चार-सहा क्विंटलासाठी गाडी परवडत नाई. आमी तिघं शेजारी मिळून एक गाडी करतो, भाडं वाटून. तेवढंच एक डोकं चाललं माह्यं.

पैसा आला का मी आधी सालाची तूर भरडून घेतो. क्विंटलमागं सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, चुनी (भरडताना निघनारा चुरा) गाईले. मले एकट्याले एवढी लागत नाई, उरलेली डाळ किरान्यावाल्याले देतो अन् साखर-तेल-चहापत्ती त्याच्यात वळती करतो. उधारीच्या वहीत माह्या नावापुढं उलटे पैसे राह्यते 😎 गावात असा मी एकटाच

सांबारवडी
@एकटा_कास्तकार दादा आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. भाकरी जमते का आता?

एकटा_कास्तकार
जमते म्हंजे… गोल नाई होत. पोटात गेल्यावर कोन पाह्यते

पांदणवाट
चून-भाकर अन् कांदा, अजून काय पाह्यजे राजेहो

गोंदण
मी मेहकरकडची. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, घरकुल माझ्याच नावावर झालं, तवा १ लाख २० हजार टप्प्याटप्प्यानं आले अन् सोबत संडासाचे १२ हजार. प्लास्टर अजून बाकी आहे. निराधारचे १५०० येतात म्हणून लाडकी बहीणचे नाही, दोन्ही भेटत नाही. बाकी कापूस वेचणी, निंदण. वेचणी किलोवर असते, दव असलं की सकाळचा कापूस जड भरते, शेतमालकाले पण माहीत असते अन् आमालेबी 😁

मी काय केलं तर निराधारचे पैसे आल्या आल्या हात लावत नाही. ते कोणत्या तारखेले येतील भरवसा नाही, कधी दोन महिन्याचे एकदम. त्याच्यावर रोजचं धरलं की फजिती. म्हणून रोजचं सगळं मजुरीवर अन् ते पैसे दवाखाना अन् प्लास्टरसाठी. रेशनचा गहू-तांदूळ २०२३ पासून फुकट आहे, ५ किलो माणशी. मले एकटीले तांदूळ पुरते, पन ज्वारी सोडवत नाही, ती विकतच घ्या लागते, महाग झाली बाई.

कवेलूघर
@गोंदण रेशनचं विचारू नका मावशी. आमचं केशरी कार्ड. यवतमाळ धरून १४ जिल्ह्यांत केशरीवाल्या शेतकऱ्यांचं धान्य बंद करून खात्यात माणशी दीडशे द्यायचं ठरलं, नंतर १७० केले. चार जणांच्या घरी काहीतरी आकडा दिसतो. मी एकटी. बँकेत जायचं पेट्रोल निघतं.

लालडबा
एसटीचं कोणी लिहिलंच नाही! १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. मी वरोऱ्याला शिवणकामाचं सामान आणायला जाते, आधी काळीपिवळीनं जायची, आता लाल डबाच. पण खरं सांगू? तिकीट अर्धं झालं तसं माझं बाजारात जाणं दुप्पट झालं. बाजारात गेलं की पिशवी रिकामी येते का कधी. आता यादी करून आठवड्यातून एकदाच. तरी जिलेबीचं दुकान स्टँडसमोरच आहे, त्याला मी काय करू.

सांबारवडी
@लालडबा जिलेबी बजेटमध्ये धरत नसतात

सातबारा_दहा_भानगडी
ग्रामपंचायतीचं काम पाहतो म्हणून सांगतो. घरपट्टी-पाणीपट्टी मार्चच्या वसुलीची वाट न पाहता सप्टेंबरअखेर एकदम भरली तर करावर ५ टक्के सूट आहे. दवंडी देऊनही कोणी येत नाही. मार्च संपल्यावर वरून दंड लागतो, तेव्हा सगळे माझ्या अंगावर येतात. रक्कम लहान आहे, पण फुकटची आहे. अन् पावती घ्या. नंतर घराचा उतारा घ्यायला आलात की तीच कामी येते.

वायरमनचा_जावई
@सातबारा_दहा_भानगडी साहेब, आमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार ते पण सांगा

सातबारा_दहा_भानगडी
दिवा आम्ही लावला, तुमच्याच खात्यानं कनेक्शन दिलं नाही 🙏

उंबरठा
वाचत होते नुसतं, पण लिहितेच. माझं घर नावावर आहे हेच माझ्या अंगलट आलं. एकीला खाजगी कंपनीचं गटानं घ्यायचं कर्ज हवं होतं, एकीनं बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं असं, "तुझं पक्कं घर आहे, तू एकटी आहेस, तुले काय खर्च" म्हणून मला गटात घेतलं. ती बाई नांदेडकडं निघून गेली, हप्ता दर आठवड्याला आमच्या चौघींवर. वसुलीवाला येऊन ओट्यावर बसायचा, घरात पुरुषमाणूस नाही हे पाहूनच बसायचा. मी दीड वर्ष भाजीत तेल मोजून टाकलं.

मग आमचा जुना बचत गट, महिन्याला शंभर टाकतो तो, त्यातून उचल घेऊन ते एकदाचं मिटवलं. व्याज आपल्याच गटात फिरते, दारात कोणी येऊन बसत नाही. आता कोणी सही मागितली तर मी सरळ म्हणते, चहा घे आणि जा.

गोंदण
बाई गं 😢 आमच्याकडंबी तेच. ओट्यावर बसते म्हंजे काय, चार बायांनी जाऊन उठवायला पाह्यजे होतं

उंबरठा
@गोंदण उठवलं ना शेवटी. आमच्या सासूबाईंची मैत्रीण आहे, सत्तरीची. तिनं त्याच्याच शेजारी बसून दोन तास स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. पुन्हा आला नाही.

एकटा_कास्तकार
🤣🤣 त्या बुढीले आमच्या गावात पाठवा

मोहफूल
उशिरा वाचलं जी. आम्ही गोंदियाकडचे, तुमच्याकडं कापूस, आमच्याकडं धान. मार्च-एप्रिलात मोह वेचतो, मे महिन्यात तेंदूपत्ता (विडीचं पान). पहाटे जंगलात जाणे, दुपारपर्यंत पुडे बांधणे, संध्याकाळी फडीवर (खरेदीच्या जागी) मोजून देणे. थोडेच दिवस चालते, पण शेकड्यावर रोख पैसा मिळतो. मी एकटी आहे, माझे सालभराचे मीठ-मिरची अन् कपडे त्यातून. धान विकून आलेला पैसा रोवणीच्या मजुरीत जाते. बोनस हेक्टरी २० हजार दिला होता, तो कधी पडला अन् कधी गेला, काही समजलं नाही.

अन् गॅस मी पावसाळ्यातच जाळतो, सरपण ओलं असते तेव्हा. बाकी दिवस चूल. १४ किलोचं सिलिंडर मला लय दिवस पुरते.

लालडबा
चुलीवरचा धूर डोळ्याला सांभाळा ताई. माझ्या आईचे डोळे त्यानंच गेले असं ती म्हणते, डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात.

पऱ्हाटी
मे महिन्यात खात्यातून ४३६ अन् २० रुपये कटतात ते काय आहे कोणाला माहीत आहे का? माझे दर वर्षी कटतात

कवेलूघर
@पऱ्हाटी ते विमा आहेत ताई, पतसंस्थेत काम असल्यानं रोज हाच प्रश्न येतो. ४३६ जीवनज्योतीचे, दोन लाखांचा आयुर्विमा. २० सुरक्षा विम्याचे, अपघाताचा, तोही दोन लाखांचा. मेअखेर खात्यात पैसे नसले तर कटत नाहीत आणि विमा बंद पडतो, म्हणून तेवढी शिल्लक ठेवा. आणि वारस कोणाचं नाव आहे ते पासबुक घेऊन जाऊन विचारा. एकटं राहणाऱ्यांनी तर नक्कीच. लग्नाआधी वडिलांचं नाव टाकलेलं असतं, वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात आणि फॉर्मवर तेच नाव.

पऱ्हाटी
अरे देवा माझं पण असंच असेल. सोमवारी जाते

पांदणवाट
मी एकटा, माह्या नावापुढं वारस कोन टाकू? वानरं?

सांबारवडी
टाका, तेच रोज येऊन चौकशी करतात तुमची 😂

उंबरठा
@एकटा_कास्तकार दादा, डाळ किलोनं देता का? आमच्या इकडं दुकानातली पॉलिश केलेली येते, शिजायला गॅस खाते. दहा किलो पाह्यजे होती.

एकटा_कास्तकार
देतो ना. तूर निघू द्या, फेब्रुवारीत सांगा. गाव कोनतं तुमचं?

उंबरठा
दारव्हा.

एकटा_कास्तकार
मंग तर जवळच. एसटीच्या पार्सलनं पाठवतो, भाडं तुमचं.

लालडबा
मला पण पाच किलो. आणि चुनी नको म्हणजे नको, मागच्या वेळी एकानं अर्धी चुनीच पाठवली होती