एलपी आत्ताच बुक करावी का? १० गाणी, ४७ मिनिटं, ३ सिंगल बाहेर

खरखर:
एका इंडी बँडचा नवा अल्बम सहा आठवड्यांनी येतोय. बँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा "जुनं काम बरं की नवं" यावरच संपेल. लेबल (रेकॉर्ड कंपनी) छोटं आहे. एकच एलपी (१२ इंची विनाइल तबकडी), ३३ १/३ आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), ५०० प्रती रंगीत आणि बाकी साध्या काळ्या. पानावर बाजूवार वेळा दिल्यात:

अ: ३:४०, ४:२५, ५:०५, ७:३०, ४:३०
ब: ३:२०, ४:१०, २:५०, ५:००, ६:३०

पहिलं, पाचवं आणि आठवं गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमआधी सुटं, आलंय. पाचव्यात ड्रम्स अंगावर येतात, हाय-हॅट (ड्रम्सची जोड-झांज) एक क्षण थांबत नाही. आठवं नुसती गिटार आणि गळा. दोन्ही जबरदस्त वाटली.

प्रश्न असे: एलपी आत्ता बुक करावी की आल्यावर बघावं? या तीन शितांवरून भाताची परीक्षा होते का? आणि चौथं सिंगल येणार म्हणतात, ते ऐकावं की थेट रिलीजच्या दिवशी बसावं?

आतली_खाच:
वेळा दिल्यात ते फार बरं केलंत, बहुतेक जण कव्हरचा रंग बघून पैसे भरतात.

अ बाजू २५:१० भरते, ब २१:५०. १२ इंची एलपीवर ३३ १/३ ला बाजूला १८ ते २० मिनिटं असली की कटिंग करणाऱ्याला (मूळ तबकडीवर खाच कोरणाऱ्याला) हात मोकळे मिळतात. त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींना खेटून बसवाव्या लागतात. त्यासाठी एकतर एकूण पातळी दोन-चार डेसिबलने खाली घ्यायची, नाहीतर बास आवरायचा. पातळी खाली गेली की तुम्ही घरी आवाज वाढवता, आणि त्यासोबत पृष्ठभागाची खरखर (तुमचं नाव सार्थ!) तेवढीच वर येते. २५ मिनिटांची बाजू कापता येत नाही असं अजिबात नाही, पण फुकट काही मिळत नाही.

खरी अडचण पाचव्या गाण्याची. ते बाजूच्या अगदी शेवटी, म्हणजे तबकडीच्या मध्याजवळ, २०:४० ला सुरू होतं. तबकडी फिरते एकाच गतीने, पण सुईखालून खाच किती वेगाने सरकते ते त्रिज्येवर ठरतं. बाहेरच्या कडेला साधारण ५१ सेंमी प्रति सेकंद, मधल्या कागदी लेबलजवळ ६ सेंमी त्रिज्येवर जेमतेम २१. म्हणजे तोच एक सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. वरच्या पट्टीतले नाद, म्हणजे हाय-हॅट आणि गाताना येणारे स-श-च, तिथे आधी फाटतात. जिथे मऊ गाणं हवं तिथे यांनी सगळ्यात कर्कश ठेवलंय.

गंमत बघा: पाचवं आणि आठवं यांची अदलाबदल केली तर दोन्ही बाजू बरोबर २३:३० होतात, आणि अ बाजू गिटार-गळ्यावर अलगद संपते. आकडे इतके चपखल जुळतात की क्रम आधी तसाच असावा आणि स्ट्रीमिंगच्या हिशेबाने जोरदार गाणं पुढे ओढलं असावं, असा संशय येतो. निव्वळ संशय, पुरावा शून्य.

माझा सल्ला: डिजिटल फाइल आत्ता बुक करा, एलपी थांबून घ्या. हाच अल्बम ४५ आरपीएमच्या दुहेरी एलपीवर असता, म्हणजे बाजूला जेमतेम १२ मिनिटं, तर डोळे मिटून बुक करा म्हटलं असतं.

बी_साइड:
वरच्या गणिताशी सहमत. शितं-भाताच्या प्रश्नाला मात्र एक तांत्रिक मेख आहे.

स्पॉटिफाय गाणी −१४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) या पातळीला आणून वाजवतं (सेटिंगमध्ये "नॉर्मल" असेल तर, "लाउड"ला −११, "क्वाएट"ला −१९). सिंगल एकटं किंवा प्लेलिस्टमध्ये वाजवलंत की ते त्या एका गाण्याच्या मापाने वरखाली होतं. तुमचं आठवं गाणं मुळात हळू आवाजाचं असेल तर ते तिथे वर ओढलं जातं, म्हणजे पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) −१ डेसिबलच्या आत राहील तितकंच. पाचवं खाली दाबलं जातं. दोन्ही एकाच उंचीची वाटतात. पण अल्बम क्रमाने लावला की सगळ्या अल्बमला एकच माप लागतं, आणि आठवं गाणं अचानक लहान, लांबून आल्यासारखं ऐकू येतं. रिलीजच्या दिवशी "सिंगलला जीव होता, अल्बमवर मिक्स बदललं" अशी ओरड होते, त्यातली बरीचशी यातून येते. फाइल बहुतेक वेळा तीच असते.

तपासायचं तर नॉर्मलायझेशन (ही पातळी जुळवण्याची सोय) बंद करून दोन्ही एकामागून एक ऐका. फरक तरीही राहिला तर मग मास्टर (अंतिम मूळ प्रत) खरंच वेगळं. सिंगलला स्वतःचा फेड-आउट आणि अल्बमवर पुढच्या गाण्यात थेट उडी, एवढा फरक मात्र नेहमीचा आहे, त्याला फसवणूक म्हणू नये.

दुसरं, सिंगल निवडतं कोण? ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे सुरुवात लगेच पकडणारी गाणी पुढे येतात. ७:३० चं चौथं गाणं सिंगल म्हणून कधीच येणार नव्हतं. या बँडला यावेळी खरं काय म्हणायचंय ते त्या साडेसात मिनिटांत आणि शेवटच्या ६:३० मध्ये असण्याची शक्यता जास्त. तीन सिंगलवरून फार तर आवाजाचा पोत कळतो: ड्रम खोलीत रेकॉर्ड केलेत की कोरडे, गळा किती पुढे आहे, बास कोण धरतंय. रचना कळत नाही.

चौथं सिंगल ऐकू नका. १० पैकी ४ आधीच पाठ झाली की पहिल्या ऐकण्यात कान ओळखीच्या गाण्याची वाट बघत बसतो आणि मधली गाणी "भरती" वाटायला लागतात.

मोनो_माणूस:
चौथ्या सिंगलबद्दल असहमत. पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचल्याने पुस्तक संपत नाही. आणि हा सगळा सिंगल-टीझर-काउंटडाउनचा घोळ म्हणजे नमनाला घडाभर तेल, त्याशिवायही चालतं. रेडिओहेडने "इन रेनबोज" १ ऑक्टोबर २००७ ला जाहीर केला आणि १० तारखेला हातात दिला, किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची. मात्र डाउनलोड होतं १६० केबीपीएसचं (सेकंदाला किलोबिट, जितके कमी तितका आवाज दाबलेला) एमपीथ्री, आणि आवाजाबद्दलच्या तक्रारी त्या फाइलवरूनच झाल्या. सिंडी ली यांचा "डायमंड ज्युबिली" मार्च २०२४ मध्ये आला तो जिओसिटीजच्या पानावर आणि यूट्यूबवर, ३२ गाणी, दोन तास, स्ट्रीमिंग ॲपवर नाहीच. तरी वर्षभर चर्चा त्याचीच.

अर्थात नाव आधीच झालेल्यांना किंवा हट्टी माणसांना हे परवडतं. नव्या बँडला सिंगल लागतंच: स्पॉटिफायवर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आठवडी यादीत) आपण ठरवलेलं गाणं जायला हवं असेल तर ते किमान ७ दिवस आधी पिच करावं (स्पॉटिफायकडे सुचवावं) लागतं, आणि एका वेळी एकच गाणं पिच होतं. एकदम दहा गाणी टाकली तर नऊ हातची गेली. म्हणून थेंबाथेंबाने सोडतात.

फ्लॅकवाला:
खरेदीचं कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून.

बँडकँपवर (बँडकडून थेट संगीत विकत घ्यायच्या साइटवर) असेल तर प्री-ऑर्डरचे पैसे त्याच क्षणी कापले जातात, रिलीजच्या दिवशी नव्हे. बदल्यात बाहेर आलेली गाणी लगेच डाउनलोड होतात, उरलेली रिलीजला. एलपी घेतली तर डिजिटल बहुधा सोबत असतं, पण "डिजिटल अल्बमसह" ही ओळ पानावर आहे ना ते बघा. पानावर ऐकू येतं ते १२८ केबीपीएसचं एमपीथ्री. त्यावर सिंबल्सची पारख करू नका. डाउनलोड करताना फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल) निवडा, त्यातून पुढे काहीही बनवता येतं, उलट नाही.

बँडच्या हातात जास्त पडावं असं वाटत असेल तर बँडकँप फ्रायडे बघून घ्या. एरवी बँडकँप डिजिटलवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के ठेवतं, त्या दिवशी आपला वाटा सोडतं. पेमेंटवाल्यांची फी तेवढी जाते. दिवस पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजतात, त्यामुळे तुमच्या घड्याळाशी ताडून घ्या, नाहीतर अर्धा दिवस आधीच पैसे भराल.

आणि गळतीच्या मागे लागू नका. रिलीजच्या आधी "फ्लॅक" म्हणून जे फिरतं ते बऱ्याचदा एमपीथ्री फुगवलेलं असतं. स्पेकसारख्या, आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा: १६ किलोहर्ट्झला भिंत बांधल्यासारखं सपाट कापलेलं दिसलं की १२८ केबीपीएसचं पिल्लू, २० च्या आसपास कापलं असेल तर ३२० चं. फाइल कितीही जाड झाली तरी गेलेलं परत येत नाही.

खरखर:
सगळ्यांचे आभार, विशेषतः आठव्या गाण्याबद्दल. नॉर्मलायझेशन बंद करून पाहिलं, पाचव्याच्या मानाने ते खरंच निम्मं वाटतं.

पण एलपी थांबून घ्यायची तर रंगीत ५०० संपतील. आणि छोट्या लेबलचं प्री-ऑर्डरवरच चालतं ना?

तिसरा_मदर:
चालतं, आणि म्हणूनच "आल्यावर बघू" हा सल्ला मला सरसकट पटत नाही. प्रेसिंगचे (तबकड्या छापण्याचे) पैसे लेबलला आधी भरावे लागतात. प्री-ऑर्डरचा आकडा बघूनच पुन्हा छापायचं की नाही ते ठरतं. सगळेच थांबले तर दुसरी आवृत्ती निघत नाही आणि पहिली चढ्या भावाने फिरते.

मधला मार्ग असा. लेबलला एक ओळ लिहून विचारा: टेस्ट प्रेसिंग मंजूर झालं का? क्रम असा असतो की आधी लॅकर (मऊ थराची मूळ तबकडी) कापतात, त्यावर धातू चढवून फादर, त्यावरून मदर, मदरवरून स्टॅम्पर (छापायचा साचा), आणि मग मोजक्या टेस्ट प्रती. त्या ऐकून होकार दिल्यावरच सगळी छपाई. सहा आठवडे उरलेत आणि टेस्ट मंजूर आहे म्हणाले तर तारीख पाळली जाईल. "प्लांटकडून कळायचंय" असं उत्तर आलं तर डिजिटल ठरल्या दिवशी येईल आणि एलपी कधीतरी. पानावरचं "या तारखेच्या सुमारास रवाना" हे वाक्य त्यासाठीच असतं. आतल्या_खाचेने काढलेला २५ मिनिटांचा मुद्दाही त्याच पत्रात विचारा. टेस्ट प्रतीवर पाचवं गाणं कसं वाजतं हे त्यांनी ऐकलेलं असतं, आणि छोटी लेबलं याचं सरळ उत्तर देतात.

रंगाचं म्हणाल तर एकरंगी पारदर्शक किंवा अपारदर्शक एलपी काळ्यापेक्षा वाईट वाजते असं काही नाही. पिक्चर डिस्क (चित्र छापलेली) आणि अंधारात चमकणारी मात्र टाळा, त्यांचा मूळ आवाजच खरखरीत असतो. १८० ग्रॅम वजनाने खाच सुधारत नाही, टपालखर्च तेवढा वाढतो.

बुक केलीत तर आल्या दिवशी दोन्ही बाजू पूर्ण वाजवा, कपाटात ठेवू नका, कारण बदलून द्यायची मुदत छोटी असते. दोन दोष बघायचे. भोक मध्यावर नसेल तर टोनआर्म (सुईचा दांडा) प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे डुलतो. अर्धा मिलिमीटर चुकलं तरी लेबलजवळ वेग ०.८ टक्के वरखाली होतो, आणि आठव्यासारख्या गाण्यात गिटारचा लांब सूर हलताना कळतो. दुसरा दोष नॉन-फिल: छापताना प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलं नाही की कापड फाडल्यासारखा आवाज येतो, बऱ्याचदा एकाच चॅनलला. दिव्याखाली तिरकी धरली की तिथे राखाडी टाके दिसतात. धुऊन जात नाही, तेव्हा ब्रश घेऊन बसू नका. दिसतंय तोवर फोटो काढा, वाजतानाचं २० सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि कोणती बाजू, कोणतं गाणं, किती मिनिटाला, एवढं लिहून पाठवा.

आतली_खाच:
टेस्ट प्रेसिंगबद्दल विचारायचं सुचवलंत ते माझ्या सल्ल्यापेक्षा बरं. मात्र उत्तर आलं की इथे टाका, पाचव्याचं काय केलं ते ऐकायचंय.