हर्णै: लिलावापलीकडे काय बघावं?

सिंहगडरोडकर
डिसेंबरात आईबाबांना घेऊन दापोलीला चाललोय. हर्णैचा मासळी लिलाव बघा असं सगळेच सांगतात. पण बंदरासमोर पाण्यात जो सुवर्णदुर्ग आहे, त्याबद्दल शोधलं की 'आंग्र्यांचा किल्ला' यापुढे फार काही हाती लागत नाही. गावाचा आणि किल्ल्याचा संबंध काय? शिवाय बाबांचे गुडघे दुखतात, किल्ल्यात जाणं झेपेल का?

हर्णैची_लेक
माझं माहेर हर्णैचं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आमची खाडी-बिडी नाही, छोटासा खडकाळ उपसागर आहे. वायव्येच्या वाऱ्यात गलबतांना इथे आसरा मिळायचा. आंग्र्यांचं आरमार इथे राहिलं ते यामुळे, आणि आज होड्या नांगरतात त्याही याच पाण्यात. किल्ला आणि बाजार दोन्ही या आडोशावर उभे आहेत. एकट्या सुवर्णदुर्गाकडे बघून ते कळत नाही. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तिघे त्याचे पाठीराखे आहेत. फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे, कनकदुर्गावर दीपगृह.

एप्रिल १७५५ मध्ये जे घडलं ते मला अजून सलतं. कान्होजी आंग्र्यांचे पुत्र तुळाजी हे नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हते. म्हणून पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांना सोबत घेतलं. जमिनीवरून पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव, समुद्रातून इंग्रजांचा आरमारी अधिकारी विल्यम जेम्स. जेम्सने आधी बाहेरच्या बाजूने तोफा डागल्या, मग किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात जहाजं घातली. आत दारूकोठार उडालं आणि किल्ला पडला. तो पेशव्यांना मिळाला, इंग्रजांनी पुढे बाणकोटचा किल्ला घेतला. दुसऱ्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजींशी भांडण होतं हे मान्य, पण आपलं आरमार आपणच मोडायला मदत केली आणि दर्या इंग्रजांना मोकळा करून दिला, असं माझं ठाम मत आहे. १८०२ मध्ये होळकरांपुढे पुणं सोडून पळालेला दुसरा बाजीराव याच सुवर्णदुर्गात आसऱ्याला आला होता. इथून तो वसईला गेला आणि तिथे इंग्रजांशी तह केला.

बाबांचं म्हणाल तर होडीतून पाण्यात पाय टाकूनच उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आग्रह नको. त्यांना गोवा किल्ल्याशी न्या, तो रस्त्याला लागूनच आहे आणि तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. तुम्ही स्वतः मात्र नक्की जा. महादरवाजा गावाकडे तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या आड असा दडलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय आणि तटात मारुती आहे. काही ठिकाणी तट बांधलेला नाही, उभा खडकच तासलाय. तिथे हात लावून बघा.

टेम्सकाठची
ताई, त्या जेम्सचं स्मारक आमच्या आग्नेय लंडनात शूटर्स हिलवर आहे. १७८४ मध्ये त्याच्या विधवेने तिथे तिकोनी बुरूज बांधला आणि त्याला नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! मी मुलांना तिथे नेऊन हर्णैचा नकाशा दाखवते. पाटीवर जेम्सचा पराक्रम वाचल्यावर तुळाजींचं नाव त्यांना घरच्या माणसाकडून कळलं पाहिजे.

सिंहगडरोडकर
हे कुठेच वाचलं नव्हतं, दोघींचे आभार. लिलावाला कधी पोचावं?

हर्णैची_लेक
संध्याकाळी, होड्या परत यायला लागल्या की. होड्या बाहेरच नांगरतात आणि माल बैलगाड्या पाण्यात घालून वाळूवर आणतात. ते बघायला उतरती उन्हं बरी. भाव टोपलीवर बोलले जातात, दोन सुरमया हव्या असतील तर बाजूला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे जा आणि घासाघीस जरा बेतानेच करा, त्या दुपारपासून उन्हात बसलेल्या असतात. आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे, तेव्हा होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. सुट्टीत गर्दी असते.