कोकमाला फुलं भरभरून, फळ एकही नाही – मदत हवी आहे

सड्यावरचा
घरामागे कोकमाचं झाड आहे. फुलं दरवर्षी भरपूर येतात, खाली सडा पडतो, पण रातांबा एकही नाही. शेणखत घातलं, पाणी घातलं, सगळं करून झालं. यंदाही तेच चाललंय. घरचे म्हणतात तोडा आणि तिथे नारळ लावा. मला झाड तोडायचं नाही. फळ धरायला काय फवारू तेवढं सांगा. लवकर सांगा, फुलं गळतायत.

पाणंद
बोरॉन फवारा. आमच्या आंब्याची गळ त्यानेच थांबली. आणि पावसाळ्यात खोडाभोवती कल्टार द्या, पुढच्या वर्षी फरक दिसेल.

आगरवाली
पाणंददादा, कल्टार मोहर येण्यासाठी देतात. यांच्या झाडाला फुलं येतातच आहेत, मग ते कशाला?
सड्यावरचा, झाड कलमी आहे की बीचं? वय किती? आसपास दुसरी कोकमं आहेत का? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

सड्यावरचा
कोकम आहे हो, साधं आपलं कोकम. चांगलं छपरापर्यंत वाढलंय. फवारणीचं सांगा ना.

आगरवाली
साधं म्हणजे बीचं का? कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण अर्धी नर निघतात, आणि सहा-सात वर्षांनी फुलं येईपर्यंत ओळखता येत नाहीत. नर असेल तर काहीही फवारा, रातांबा लागणार नाही.

पाणंद
प्रत्येक वेळी नर-मादीच कशाला? आमच्या वाडीत एक कोकम बरीच वर्षं नुसतं फुलायचं, नंतर धरायला लागलं. खताची कमतरता होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

भिरंडेल
होतं असंही. काही झाडांवर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात. पण त्या भरवशावर थांबण्यापेक्षा फूल बघून घ्यावं. झुबक्यातलं एक उमललेलं फूल तोडा आणि मधला भाग नखाने चेपा. पिवळट गोंडा सुटून पूड (पराग) बोटाला लागली तर नर. मधे हिरवट, घट्ट, गोल गाठ असेल आणि ती चेपत नसेल तर मादी. गाठ म्हणजेच पुढचं फळ.

केळफूल
विषय निघालाच आहे तर, आमसुलं करताना सालींना रसाची पुटं किती द्यायची? आणि मीठ कधी घालायचं? माझी मागच्या वर्षीची चिवट झाली.

वैद्यकी_आवड
कोकम म्हणजे आयुर्वेदातलं वृक्षाम्ल, मोठं गुणाचं झाड आहे, तोडू नका. अंगावर पित्त उठलं की आमसूल भिजवलेलं पाणी लावतात, बियांचं तेल टाचांच्या भेगांना. वजन कमी करायलाही कोकमाच्या गोळ्या मिळतात, मी घेते.

आगरवाली
ताई, सोलकढी आणि सरबत रोज प्या, पण त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गार्सिनियाच्या (कोकमाच्याच कुळातल्या झाडांच्या) अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आहेत. घरातलं आमसूल वेगळं आणि गोळीतला अर्क वेगळा.

वैद्यकी_आवड
मला तरी काही त्रास नाही. निसर्गातलंच आहे ना ते.

सड्यावरचा
माझ्या झाडाचं बोला!! फूल चेपून पाहिलं. पूड लागली, पिवळी. बऱ्याच झुबक्यांतली पाहिली, गाठ कुठेच नाही. झाड बीचंच आहे, आजीने रातांबे फोडून बिया टाकल्या होत्या त्यातलं. त्यात काय सांगायचं, आमच्याकडे सगळी अशीच असतात. म्हणजे आता तोडायचंच का?

भिरंडेल
अजिबात नको! कुंपणापलीकडे कुणाची फळणारी कोकमं आहेत का ते आधी बघा. फळ धरायला तुमच्या नराची पूड त्यांनाही लागते. कोकमाच्या बागेतसुद्धा दहा टक्क्यांच्या आसपास नर राखायला सांगतात.

पाणंद
शेजाऱ्याच्या रातांब्यांसाठी यांनी जागा अडवायची होय?

भिरंडेल
झाड ठेवूनही रातांबे खाता येतील. नरावर मादीचं कलम बांधता येतं. काही फांद्या छाटा, बाकीच्या तशाच ठेवा. छाटल्या जागी तांबूस कोवळी फूट येईल, ती जरा जून झाली की तिच्यावर मादीच्या काडीचं पाचर कलम बांधा, म्हणजे काडी पाचरीसारखी तासून फुटीच्या चिरेत बसवा. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, वरून पिशवी घाला. मी असंच केलंय. एकाच झाडावर नराच्या फांद्याही आहेत आणि रातांबेही लागतात.

आगरवाली
आणि काडी घेताना शेंड्याकडची सरळ वर जाणारी घ्या. आडव्या फांदीची काडी लावलीत तर कलम आडवंच पसरतं, झाडाला उंची येत नाही. नवीन रोपच लावायचं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' किंवा 'कोकण हातीस' या जातींचं कलम घ्या. हातीसचं फळ चांगलंच मोठं असतं. मला स्वतःला अमृता बरी वाटते, लवकर तयार होते, फळं पावसाच्या तडाख्यात सापडत नाहीत.

पाणंद
हातीसच घ्या. एवढं मोठं फळ असताना दुसरं कशाला?

सड्यावरचा
शेजारच्या काकूंकडे दोन कोकमं आहेत, दोन्ही दणकून लागतात. काडी मागतो. माझं झाड तोडायचं चाललंय हे त्यांनाही सांगायला हवं. छाटणी आत्ताच करू की फुलं संपल्यावर?

भिरंडेल
फुलं संपू द्या. काकूंच्या झाडांना पूड हवी आहे अजून.

केळफूल
आमसुलांचं कुणी सांगेल का?

आगरवाली
साली रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत बुडवायच्या. असं पाच-सहा वेळा. मीठ रसातच घाला. चिवट झाली म्हणजे ऊन कमी पडलं असेल. एप्रिलचे रातांबे मिळाले तर त्यांची करा, मेअखेरीस आभाळ येतं.