कसारा घाटात गाडी हीट मारतेय, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

घाटवाट:
पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल. सपाटीला काटा बरोबर मध्ये असतो पण कसारा चढायला लागलो की वर सरकतो, एसी असेल तर अजून लवकर. बाटलीतलं कूलंट पण हळूहळू कमी होतंय आणि खाली एक थेंब नाही. गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडच्या हवेत लागतच नाही, आणि कूलंट कशाला साधं पाणी भरा. काढू का? पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन नाशिकला जायचंय.

पान्हा_दहा:
काढू नका हो. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त मारत बसतो, मग ॲव्हरेज गेलं म्हणून परत गॅरेजच्या चकरा. बिघडला असेल तर नवीन टाका. आधी तापते कधी ते बघा. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो, तर फॅन, रिले, फ्यूज नाहीतर सेन्सर. एसी लावला की फॅन फिरायलाच पाहिजे, बॉनेट उघडून बघा. चढावर तापते तर रेडिएटर चोक, वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा त्याहून वाईट. बोअरचं पाणी भरलं असेल तर आत क्षार बसलेच म्हणून समजा. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा, झाकण प्रेशर धरत असेल तर अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर सव्वाशेच्या आसपास उकळतं, नसेल तर १०७-१०८ लाच.

काळं_ऑइल:
थेंब पडत नाही आणि कूलंट जातंय, मला हेच खटकतंय. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर मारायच्या आधी रेडिएटरचा वरचा होज पाईप दाबून बघा. मऊ पाहिजे. टणक लागला तर सिलिंडरचं प्रेशर पाण्यात घुसतंय. मग झाकण उघडून (गारच असताना! गरम असताना उघडाल तर तोंड भाजेल) गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील ते हवेचे, पण थांबतच नसतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडच्या मधलं सील, गेलंय. ऑइल दुधाळ नाही म्हणून खूश होऊ नका, गॅस्केट नुसतं सिलिंडर आणि पाण्याच्या मधे फुटलं तर ऑइल स्वच्छच राहतं.

घाटवाट:
बघितलं. फॅन फिरतोय. पाईप टायरसारखा टणक, झाकण सैल केलं तर फुस्स झालं, आणि बुडबुडे काही थांबेनात. ऑइल मात्र साफ.

काळं_ऑइल:
मग गॅस्केटच, थर्मोस्टॅट सोडा आता. खात्री हवी तर ब्लॉक टेस्ट (कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस येतोय का ते बघायची) करून घ्या, निळं लिक्विड पिवळं झालं की संपलं. हेड उतरवल्यावर तसंच परत बसवू देऊ नका, मशीन शॉपला पाठवून सपाट आहे का बघायला सांगा, वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. हेड बोल्ट पण नवीन मागा.

पान्हा_दहा:
तोपर्यंत घाट नको. मधेच काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल (तो इंजिनची उष्णता ओढतो), आणि गाडी बाजूला घ्या.

घाटवाट:
हीटर मागच्या वेळी लावला होता, गार हवा आली.

पान्हा_दहा:
म्हणजे हीटरपर्यंत कूलंट पोचतच नव्हतं, लेव्हल खाली नाहीतर एअर लॉक, म्हणजे पाईपात हवा अडकलेली. नाशिकला ट्रेननं जा.