घडीचा साप आणि बिघडलेला चेंडू
प्रश्न असा आहे की, चौकोनी रुबिक क्यूबला असते तसे एकच ठरलेले उत्तर ज्याला नाही, त्या घडीच्या सापाला (म्हणजे ठोकळे वळवून निरनिराळे आकार करण्याच्या 'रुबिक्स स्नेक' या खेळण्याला) कोडे म्हणावे का. माझ्या मते म्हणावे. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांच्या नावाने 1981 च्या सुमारास बाजारात आलेल्या या सापात दोन रंगांचे 24 त्रिकोणी ठोकळे आलटून पालटून जोडलेले असतात आणि त्यांमधील 23 सांध्यांपैकी प्रत्येक सांधा चार स्थितींत थांबतो. त्यामुळे कागदावर सुमारे 70 लाख कोटी रचना निघतात, अर्थात त्यांतील पुष्कळ रचनांत ठोकळे एकमेकांत घुसत असल्याने त्या प्रत्यक्षात होत नाहीत.

आमच्या घरी मामाने आणलेला साप होता. तो वळवून कुत्रा आणि बदक यांचे आकार करणे कोणालाही जमे, परंतु चेंडूचा आकार करताना शेवटच्या दोन-तीन वळणांत एक सांधा उलट फिरला, तरी सगळा गोळा वाकडा होई आणि पुन्हा सरळ काठीपासून सुरुवात करावी लागे. सांधा बसताना होणारा तो 'कट्' आवाज (आईला तो दुपारच्या झोपेत मुळीच सहन होत नसे) मला आजही स्पष्ट आठवतो. कालांतराने आतल्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या आणि चेंडू हातातून ठेवताक्षणी उलगडू लागला.