उशिरा पेमेंटवर लावतो त्याला म्हणायचं काय: दंड, विलंब शुल्क की व्याज?

अंबडला आमचं छोटं मशिनिंगचं जॉबवर्क आहे. बिलाच्या तळाला इतकी वर्षं "३० दिवसांनंतर दरमहा १.५ टक्के दंड आकारला जाईल" असं छापलेलं, पण कधी कोणाला लावला नव्हता. मागच्या महिन्यात सातपूरच्या एका जुन्या पार्टीचं ९० हजारांच्या बिलाचे पैसे मुदतीनंतर दोन महिन्यांनी आले म्हणून २,७०० ची डेबिट नोट (जादा रक्कम मागणारी चिठ्ठी) पाठवली तर मालकांचा लगेच फोन, "दंड लावणारे तुम्ही कोण?" त्यांना रक्कम नाही, शब्द लागला. मग बिलावर लिहू काय?

प्रतिसाद: मालकांचं चूक नाही हो. दंड म्हटला की गुन्हा आलाच, आणि तो वरचा खालच्याला करतो, दोन व्यापारी एकमेकांना नाही. १८७२ च्या करार कायद्यातसुद्धा कलम ७४ प्रमाणे दंड म्हणून आकडा लिहिला तरी कोर्ट त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाईच देतं. विलंब शुल्क पण मला पटत नाही, परीक्षेच्या फॉर्मला विलंब शुल्क भरलं की उशीर माफ होतो ना, तसं गिऱ्हाईक समजणार की पैसे टाका आणि खुशाल उशीर करा. वीजबिलात स्थिर आकार, वहन आकार असतो तसं "विलंब आकार" लिहा, कोणाला टोचणार नाही.

प्रतिसाद: मी अकाउंट्स बघते, सरळ "व्याज" लिहा दादा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ चा एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने आहे, लेखी करारातसुद्धा मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस, आणि त्यानंतर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. तिथे दंड नाही, व्याजच म्हटलंय. आपले पैसे दुसऱ्याने वापरले त्याचा मोबदला, हे कोणालाही कळतं. फक्त व्याज म्हणा, लेट फी म्हणा की पेनल्टी, जीएसटी त्यावर लागतोच, नाव बदलून सुटत नाही, तेव्हा डेबिट नोटमध्ये तो धरा.

उद्यम आहे ताई. मग असं करतो: "मुदत ३० दिवस. त्यापुढे थकलेल्या रकमेवर दरमहा १.५ टक्के व्याज." थकीत लिहिणार होतो पण ते बँकेच्या नोटिशीसारखं वाटलं. आणि हे वाक्य आता कोटेशनवर पण टाकतोय, बिल हातात पडेपर्यंत माल गेलेला असतो.